मेंदूतली विलंबित लय

झेब्राफिशचं पिल्लू जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांब असतं आणि काचेसारखं पारदर्शक. त्याचं डोकं न उघडताच सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या जिवंत मेंदूतली एकेक पेशी पाहता येते. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जानेलिया संशोधन केंद्रात मिशा एहरेन्स यांच्या गटानं अशा पिल्लांसाठी एक आभासी ओढा तयार केला. पिल्लू जेलमध्ये जागच्या जागी बसवलेलं असतं आणि त्याच्याखाली पट्टे सरकत असतात. त्याला वाटतं, पाणी आपल्याला वाहवून नेतंय. मग ते पोहण्याचा हुकूम शेपटीकडे धाडतं. संगणक तो हुकूम वाटेतच टिपतो आणि पट्टे तेवढे उलटे सरकवतो. आपण पोहलो, जागा राखली, असं माशाला वाटतं.

यानंतर संशोधकांनी हा दुवा तोडला. आता मासा कितीही पोहला तरी पट्टे आपल्याच गतीनं सरकत राहिले. मासा आधी जोर वाढवतो, जिवाच्या आकांतानं धडपडतो आणि मग एकदम थांबतो. काही वेळ निपचित राहतो, पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा थांबतो.

आता पुरे, हे माशाला कोण सांगतं? एका अपयशानं हार मानून चालत नाही आणि शंभर अपयशांनंतरही शक्ती उधळत राहणं परवडत नाही. म्हणजे कुठेतरी फसलेल्या प्रयत्नांचा हिशोब ठेवला जात असला पाहिजे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात तो हिशोब सापडला, पण विचारांचं यंत्र म्हणून आपण ज्यांना ओळखतो त्या चेतापेशींत नाही. प्रयत्न फसला की नॉरॲड्रेनलिन सोडणाऱ्या चेतापेशी प्रत्येक वेळी ओरडतात, एवढं खरं. ती ओरड साठवून घेतात त्या शेजारच्या ग्लिया पेशी. त्यांच्यात कॅल्शियमची पातळी थेंबाथेंबानं चढत जाते आणि पुरेशी चढली की पोहणं बंद पाडणाऱ्या चेतापेशी जाग्या होतात. लेझरनं या ग्लिया पेशी निकामी केल्या तर मासा हार मानेना. उलट त्यांना कृत्रिमरीत्या चेतवलं तर काहीही फसलेलं नसताना तो थांबला.

या प्रयोगाबद्दल मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा शाळेतली एक आकृती आठवली. ‘चेतापेशीची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या.’ पेशीचा फांद्या फुटलेला गड्डा, त्यातून निघालेला लांब अक्षतंतू आणि त्या तंतूवर ओवलेले लांबट मणी. मण्यांना बाण काढून आपण ‘मायलिन आवरण’ लिहायचो आणि गुण घ्यायचो. तो प्रत्येक मणी म्हणजे वेगळ्याच एका जिवंत पेशीनं घातलेला वेढा आहे, हे मला फार उशिरा कळलं. चेतापेशीच्या आकृतीत ग्लिया पेशी आमच्या समोरच होती, पण चेतापेशीचा एक अवयव म्हणून.

हे दुर्लक्ष नावापासूनच सुरू झालं. १८५६ साली जर्मन शरीरविकृतितज्ज्ञ रुडोल्फ फिर्शो यांनी चेतापेशींमधल्या पदार्थाला ‘न्यूरोग्लिया’ म्हटलं. ग्रीक ‘ग्लिया’ म्हणजे सरस, डिंक. त्यांच्या जर्मन शब्दाचा अर्थ आणखी थेट आहे: खिडकीची काच बसवताना भरतात ते लुकण. मेंदू जागच्या जागी धरून ठेवणारं लुकण, एवढीच त्या पदार्थाची लायकी ठरली. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली त्यात स्वतंत्र पेशी दिसल्या, त्यांचे आकार दिसले, तरी नाव चिकटलं ते चिकटलंच.

सगळेच त्या नावाला फसले नाहीत. मेंदूचं जाळं सुट्या चेतापेशींचं बनलेलं आहे हे दाखवणारे स्पॅनिश शास्त्रज्ञ सांतियागो रामोन इ काहाल यांनी १८९५ मध्येच एक तर्क मांडला होता. ग्लिया पेशींच्या फांद्या दोन चेतापेशींच्या मधे शिरतात किंवा मागे सरतात, आणि झोप-जाग व अवधान यांचा त्याच्याशी संबंध असावा, असा. त्याचे तपशील टिकले नाहीत. पण झोप आणि अवधान हे दोन शब्द ग्लियाच्या शेजारी त्यांनी लिहून ठेवले होते, याचं मला आजही नवल वाटतं. त्यांच्याच परंपरेतल्या पीओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ ते १९२१ या काळात रुप्याच्या क्षारांनी मेंदूचे काप रंगवून आणखी दोन जाती वेगळ्या काढल्या. इवल्या, फिरत्या मायक्रोग्लिया आणि मायलिन गुंडाळणाऱ्या ऑलिगोडेंड्रोसाइट. तिसरी जात आधीच माहीत होती. ती म्हणजे ताऱ्यासारख्या आकारामुळे ॲस्ट्रोसाइट म्हटली जाणारी तारकापेशी.

मग पुढची सत्तर वर्षं शांतता का? कारण विसाव्या शतकात मेंदू विजेच्या कानांनी ऐकला गेला. चेतापेशी विजेच्या ठिणग्यांनी बोलते. एक ठिणगी हजारांश सेकंदाची. पेशीत बारीक सुई खुपसली की यंत्रावर ती टिकटिक ऐकू येते. ग्लिया पेशीत तीच सुई घातली की काहीच नाही. १९६६ मध्ये स्टीफन कफलर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की शेजारच्या चेतापेशी कामाला लागल्या की बाहेर साचणाऱ्या पोटॅशियममुळे ग्लियाचा विद्युत्दाब हळूच हलतो. तेवढंच. मुक्या पेशी, असा निकाल लागला. त्या बोलत होत्या, पण रसायनांच्या भाषेत आणि वेगळ्या लयीत.

गाण्याच्या भाषेत सांगायचं तर चेतापेशींची लय अतिद्रुत, तारकापेशींची विलंबित. तारकापेशीतल्या कॅल्शियमची एक लाट चढून ओसरायला सेकंद लागतात, कधी मिनिटं. मायलिनचा वेढा बदलायला दिवस-आठवडे. मायक्रोग्लियांनी केलेल्या छाटणीचा परिणाम बालपणापासून तारुण्यापर्यंत पसरतो. आपण ज्यांना मेंदूची वरच्या दर्जाची कामं म्हणतो, म्हणजे शिकणं, लक्षात ठेवणं, कंटाळणं, प्रयत्न सोडणं, मनाची एक अवस्था टिकवणं, ती सगळी सेकंदांची, दिवसांची, वर्षांची कामं आहेत. हजारांश सेकंदात चमकून विझणाऱ्या ठिणग्यांकडून ती कशी होतात, या कोड्यात ग्लियाची जागा आहे असं मला वाटतं.

पण या विषयात उत्साहानं घसरायला फार जागा आहेत, आणि त्यातली सर्वांत प्रसिद्ध जागा आइन्स्टाइनच्या डोक्यात आहे. १८ एप्रिल १९५५ रोजी आइन्स्टाइन प्रिन्स्टनमध्ये वारले. शवविच्छेदन करणारे थॉमस हार्वी यांनी मेंदू काढून ठेवला आणि त्याचे सुमारे २४० तुकडे केले. बर्कली विद्यापीठातल्या मेरियन डायमंड यांनी त्यातले चार तुकडे मिळावेत म्हणून अनेकदा पाठपुरावा केला. खेळण्यांच्या सहवासात वाढलेल्या उंदरांच्या मेंदूत प्रत्येक चेतापेशीमागे ग्लिया जास्त असतात, हे त्यांनी आधी पाहिलं होतं. १९८५ साली त्यांचा निबंध आला: आइन्स्टाइनच्या मेंदूच्या डाव्या बाजूच्या एका भागात चेतापेशींच्या मानानं ग्लिया जास्त होत्या. बातमी जगभर गेली.

निबंध नीट वाचला की उत्साह थंडावतो. तपासलेल्या चार भागांपैकी एकातच फरक ठळक होता. तुलनेला घेतलेल्या अकरा पुरुषांचं सरासरी वय ६४, आइन्स्टाइन ७६ वर्षांचे. आणि एका माणसाच्या मेंदूवरून प्रतिभेचा नियम काढता येत नाही. डायमंड यांच्या उंदरांवरच्या कामाबद्दल मला आदर आहे, पण ‘जास्त ग्लिया म्हणजे जास्त बुद्धी’ हे समीकरण सोडून द्यायला हवं. तीच गत ‘एका चेतापेशीमागे दहा ग्लिया’ या आकड्याची. कित्येक दशकं तो पाठ्यपुस्तकांत छापला गेला. ब्राझीलमध्ये सुझाना हर्कुलानो-हौझेल यांच्या गटानं मेंदूचा चक्क रस्सा करून, त्यातली पेशीकेंद्रं मोजण्याची पद्धत काढली. २००९ मध्ये माणसाच्या मेंदूचा हिशोब आला: सुमारे ८६ अब्ज चेतापेशी आणि जवळपास ८५ अब्ज इतर पेशी. म्हणजे एकास एक, तेही ‘इतर’मध्ये रक्तवाहिन्यांच्या पेशी धरून.

संख्येत नाही तर मग कशात? एक उत्तर आकारात आहे. एक तारकापेशी आपल्या अगणित बारीक फांद्यांनी मेंदूचा एक तुकडा व्यापते आणि त्या तुकड्यातले चेतासंधी, म्हणजे दोन चेतापेशींच्या भेटीच्या जागा, तिच्या कवेत येतात. उंदराच्या एका तारकापेशीच्या कवेत साधारण वीस हजार ते एक लाख वीस हजार चेतासंधी असतात. माणसाच्या एका तारकापेशीच्या कवेत वीस लाखांपर्यंत. रुंदीत ती उंदराच्या पेशीच्या अडीचपट भरते. चेतापेशी मात्र उंदराच्या काय नि माणसाच्या काय, एवढ्या वेगळ्या नाहीत. २०१३ मध्ये रोचेस्टरच्या संशोधकांनी नवजात उंदरांच्या मेंदूत माणसाच्या ग्लियाच्या पूर्वजपेशी सोडल्या. उंदीर मोठे होईतो त्यांच्या मेंदूत माणसाच्या ऐसपैस तारकापेशी पसरल्या होत्या, आणि चक्रव्यूहातला रस्ता किंवा धोक्याचा आवाज ते इतर उंदरांपेक्षा लवकर शिकत होते. चेतापेशी मात्र सगळ्या उंदराच्याच होत्या.

तारकापेशी तिथे करते काय? पहिलं काम सफाईचं, आणि ते क्षुल्लक नाही. चेतापेशी संदेश देताना ग्लुटामेट हे द्रव्य सोडते. ते तिथेच रेंगाळलं तर पुढचा संदेश ऐकू येणार नाही, आणि फार साचलं तर शेजारच्या चेतापेशी त्यानं मरतात. ते शोषून घेऊन पुन्हा वापरता येईल अशा रूपात परत देण्याचं काम मुख्यतः तारकापेशीचं. पण १९९० मध्ये वेगळंच दिसलं. काचेच्या बशीत वाढवलेल्या तारकापेशींवर ग्लुटामेट टाकलं तर त्यांच्यात कॅल्शियमच्या लाटा उठल्या आणि एका पेशीतून दुसरीत पसरत गेल्या. म्हणजे त्या नुसतं पुसत नव्हत्या, ऐकतही होत्या. १९९९ मध्ये अल्फोन्सो अराके, फिलिप हेडन आणि सहकाऱ्यांनी नवा शब्द दिला: त्रिपक्षी चेतासंधी. देणारी चेतापेशी, घेणारी चेतापेशी आणि दोघींना कवेत घेतलेली तारकापेशी.

ऐकून ती उलट काही बोलते का, यावर गेली वीस-पंचवीस वर्षं कडाक्याचं भांडण चालू आहे. कॅल्शियमच्या मोठ्या लाटाच उठणार नाहीत असे उंदीर तयार केले तरी त्यांच्या चेतासंधींत बिघाड दिसला नाही, असं काही प्रयोगशाळांनी दाखवलं. दुसऱ्यांनी सांगितलं, तुम्ही पेशीच्या गड्ड्यातल्या लाटा बंद केल्यात, टोकाच्या फांद्यांत त्या उठतच होत्या. हे भांडण निरोगी आहे. त्यातूनच जिवंत, वावरत्या प्राण्याच्या मेंदूतल्या बारीक फांद्या पाहण्याची तंत्रं पुढे आली. २०२४ मध्ये ह्यूस्टनमधल्या बेंजामिन डेनीन यांच्या गटानं तर उंदराला भीतीचा एक अनुभव देताना कोणत्या मोजक्या तारकापेशी जाग्या झाल्या ते टिपून ठेवलं. नंतर अगदी वेगळ्या, सुरक्षित पिंजऱ्यात फक्त त्याच पेशी चेतवल्या, आणि उंदीर भीतीनं थिजला. आठवणीचा ठसा तारकापेशींतही उमटतो, याचा याहून थेट पुरावा माझ्या वाचनात नाही.

आता त्या मण्यांकडे. मायलिन नसलेल्या तंतूतून संदेश सेकंदाला मीटर-दोन मीटर जातो. जाड मायलिन असेल तर शंभर मीटरच्या आसपास. हे आवरण एकदा बसलं की बसलं, वायरवरच्या प्लास्टिकसारखं, अशी समजूत होती. मेंदूत हे वेढे घालणारी ऑलिगोडेंड्रोसाइट एकाच वेळी अनेक तंतूंना वेढते आणि तिच्या पूर्वजपेशी आयुष्यभर मेंदूत तयारीत बसलेल्या असतात. लंडनमध्ये विल्यम रिचर्डसन यांच्या गटानं २०१४ मध्ये त्यांची परीक्षा घेतली. उंदरांना पळायला एक चाक दिलं, पण त्याच्या काही पायऱ्या गाळून टाकल्या, तेही वेड्यावाकड्या अंतरानं. साधा उंदीर आधी अडखळतो, मग पायाचा अंदाज बसवतो आणि भरधाव पळू लागतो. ज्या उंदरांचं जुनं मायलिन शाबूत होतं पण नवं बनवण्याची सोय जनुकीय बदलानं बंद केली होती, त्यांना ते चाक नीट जमेना. मात्र सोय बंद होण्याआधी ज्यांनी चाक शिकून घेतलं होतं, ते पुढेही पळत राहिले. म्हणजे नवी मायलिन-पेशी लागते ती शिकताना.

तबल्याचा रियाज करणाऱ्या कुणालाही यात ओळखीचं काही सापडेल. डाव्या-उजव्या हाताचे बोल एकाच क्षणी पडायचे तर मेंदूच्या दोन टोकांहून निघालेले हुकूम वेळेवर पोचायला हवेत, आणि वाटा कमी-जास्त लांबीच्या असतात. मायलिन नुसता वेग वाढवत नाही, वेळ जुळवून देतं. स्टॉकहोममध्ये २००५ साली व्यावसायिक पियानोवादकांचे मेंदू पाहिले, तेव्हा लहानपणी जितके तास सराव झाला होता तितकी त्यांच्या पांढऱ्या द्रव्याची, म्हणजे मायलिनवेष्टित तंतूंची, घडण वेगळी दिसली. वादक फक्त आठच होते, त्यामुळे त्यावर फार भार टाकू नये. उंदरांच्या चाकाशी मात्र ते जुळतं.

मायक्रोग्लियांबद्दल थोडक्यात. या मुळात मेंदूच्या नाहीतच. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत पीतककोशातून येऊन त्या मेंदूत वस्ती करतात. त्या स्वस्थ बसलेल्या असतात असं वाटायचं. २००५ मध्ये जिवंत उंदराच्या मेंदूत त्या पहिल्यांदा नीट पाहिल्या गेल्या, तर त्यांच्या फांद्या अखंड चाचपडत होत्या. बेन बॅरेस यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रयोगशाळेत बेथ स्टीव्हन्स यांना २००७ मध्ये आढळलं की बाळवयातल्या नको असलेल्या चेतासंधींवर रोगप्रतिकारशक्तीच्या प्रथिनांची खूण लागते. पुढे कळलं की ती खूण पाहून मायक्रोग्लिया ते चेतासंधी गिळून टाकतात. नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला विचारा, छाटणी कमी पडली तर नुसता पाला माजतो आणि जास्त झाली तर वेल खचते. २०१६ मध्ये स्किझोफ्रेनियाचा धोका वाढवणारा एक जनुकीय दुवा नेमका अशाच एका प्रथिनापाशी, सी-४ नावाच्या, सापडला. हा आजार बहुधा विशीच्या आसपास उमटतो, मेंदूच्या पुढच्या भागातली छाटणी संपत येते त्या सुमाराला. आईवडिलांच्या वागण्याला या आजाराचा दोष देणाऱ्या आपल्या समाजात हे लोकांपर्यंत पोचायला हवं, असं मला तळमळीनं वाटतं.

बॅरेस यांच्याविषयी थांबून लिहायला हवं. मेंदूविकारांचे डॉक्टर म्हणून शिकत असताना रुग्णांच्या मेंदूचे काप पाहताना त्यांना दिसायचं की रोगट जागी ग्लिया विचित्र झालेल्या आहेत, आणि त्या काय करतात हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्यांनी मग संशोधन धरलं. त्यांच्या प्रयोगशाळेनं १९९७ आणि २००१ मध्ये दाखवलेली गोष्ट साधी आहे आणि मोठी आहे. डोळ्याच्या पडद्यातल्या चेतापेशी एकट्या बशीत ठेवल्या तर जगतात, फांद्याही फुटतात, पण एकमेकींशी जवळजवळ बोलत नाहीत. शेजारी तारकापेशी ठेवल्या की चेतासंधींची संख्या सुमारे सातपट होते. २०१३ मध्ये ते अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीवर निवडून आले. आपली पारलिंगी ओळख उघडपणे सांगणारे ते तिथले पहिले शास्त्रज्ञ. २०१७ च्या डिसेंबरात कर्करोगानं गेले. आज अल्झायमरचा धोका वाढवणारी अनेक जनुकं मायक्रोग्लिया आणि तारकापेशींत काम करतात हे दिसतंय, तेव्हा त्या तरुण डॉक्टरला पडलेला प्रश्न किती योग्य होता ते कळतं.

राहिली झोप, काहालांनी ग्लियाच्या शेजारी लिहून ठेवलेला शब्द. जागेपणी मेंदूत अडेनोसिन नावाचं द्रव्य साचत जातं आणि डोळे जड होतात. हे अडेनोसिन काही अंशी तारकापेशींनी सोडलेल्या एटीपी या रेणूपासून बनतं. २००९ मध्ये मायकेल हलासा, हेडन आणि सहकाऱ्यांनी तारकापेशींचं हे सोडणं रोखलेले उंदीर तयार केले. जागरणानंतर त्यांना झोपेची ओढ कमी लागली आणि जागरणानं त्यांची स्मरणशक्तीही बिघडली नाही. हा जनुकबदल काही चेतापेशींतही शिरला असावा, असा आक्षेप नंतर आला, आणि तो बाजूला सारता येत नाही. पण अलीकडे झेब्राफिशच्या त्याच पिल्लांत पुढचा धागा हाती लागला. हार मानायच्या क्षणी माशाच्या ग्लिया पेशी एटीपी सोडतात, त्याचं अडेनोसिन बनतं आणि त्यानं पोहणं थांबतं. दुपारी चार वाजता आपण चहा मागतो तेव्हा त्यातलं कॅफीन याच अडेनोसिनच्या बसण्याच्या जागा अडवून धरतं. अडेनोसिन मात्र कुठे जात नाही. कपातला चहा संपल्यावरही तारकापेशींच्या आसपास ते साचतच राहतं.